झाकलेल्या वहीत कुणी खोटी नाणी घुसवली तर कळणार कसं?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात एका मित्राने साधा प्रश्न विचारला. मोनेरो किंवा झीकॅश या व्यवहार झाकून ठेवणाऱ्या डिजिटल नाण्यांमध्ये उद्या कुणी गुपचूप खोटी नाणी छापली, तर कळेल कसं? मी त्याला तासभर रिंग सिग्नेचर (गटातल्या कुणी केली ते न कळणारी सही), झिरो-नॉलेज प्रूफ (माहिती न दाखवता ती बरोबर असल्याचा पुरावा) वगैरे समजावून सांगितलं. सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हणजे नाही कळणार." तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय, म्हणून हा धागा.

बिटकॉइनची वही, म्हणजे व्यवहारांची नोंद, उघडी असते. १५ ऑगस्ट २०१० ला ७४६३८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये बेरजेच्या ओव्हरफ्लोचा (बेरीज मावेनाशी झाली की आकडा भलताच होतो, त्याचा) फायदा घेऊन कुणीतरी १८४ अब्ज नाणी तयार केली. एकूण नाणी २.१ कोटींच्या वर जाणारच नाहीत हे ज्याचं ब्रीद, तिथे १८४ अब्ज! पण वही उघडी, त्यामुळे काही तासांत बोंब झाली, दुरुस्ती आली, तो ब्लॉक बाद झाला. आज त्याचा फक्त किस्सा उरलाय.

आता झीकॅशचं बघा. १ मार्च २०१८ ला एरियल गॅबिझॉन या त्यांच्याच क्रिप्टोग्राफरला आढळलं की झीकॅश ज्या प्रूफ पद्धतीवर उभं होतं, तिच्या सुरुवातीच्या पॅरामीटर्समध्ये काही घटक नको असताना छापले गेलेत. ते हाताशी असले की खोट्या दाव्याचा खरा दिसणारा पुरावा बनवता येतो. म्हणजे हवी तेवढी नाणी, आणि कुणाला पत्ता नाही. दुरुस्ती झाली २८ ऑक्टोबर २०१८ च्या सॅपलिंग अपग्रेडमध्ये. जगाला सांगितलं ५ फेब्रुवारी २०१९ ला. मधले महिने मोजकी माणसं तोंडाला कुलूप लावून बसली होती (दुसरा इलाजही नव्हता म्हणा). कुणी गैरफायदा घेतल्याचं दिसलं नाही असं त्यांनी सांगितलं आणि माझा त्यावर विश्वासही आहे. पण "दिसलं नाही" आणि "झालं नाही" यांत फरक आहे, आणि तो फरक मिटवायची सोय झाकलेल्या वहीत नसते.

खरी मेख पुढे आहे. ती पद्धत २०१४ च्या ज्या शोधनिबंधातून घेतली होती, त्यात तिचा स्वतंत्र सुरक्षा-पुरावा नव्हताच. आधीच्या एका पद्धतीचा पुरावा होता, ही तिच्यासारखीच, म्हणून चालेल, असा हिशेब. मोठमोठ्या लोकांनी तो निबंध वाचला होता. कुणाच्याही नजरेला ते खुपलं नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. उघड्या वहीच्या नाण्याला "दोन नामांकित कंपन्यांकडून ऑडिट झालंय" पुरेल एक वेळ. झाकलेल्या वहीच्या नाण्याला ते पुरत नाही. तिथे प्रोटोकॉल, सर्किट (प्रूफसाठी लिहिलेल्या अटींचा संच) आणि कोड या तिन्हींचा पुरावा मशीनने ओळ न ओळ तपासलेला हवा. लीन घ्या, कॉक (आता रॉक) घ्या, ईझीक्रिप्ट घ्या, पुरावे तपासणारं कुठलंही सॉफ्टवेअर घ्या. मशीन "याच्यासारखंच आहे, चालेल" असं म्हणत नाही. पायरी गाळली की अडून बसतं.

तर्कटी

पाटीपेन्सिल, धागा झकास, निष्कर्ष भाबडा.

पुरावा सिस्टीमचा नसतो, तुम्ही कागदावर काढलेल्या सिस्टीमच्या चित्राचा असतो. वायफायच्या डब्ल्यूपीए२ या सुरक्षा-मानकातल्या फोर-वे हँडशेकचा (जोडणी करताना होणाऱ्या चार निरोपांचा) औपचारिक पुरावा २००५ मध्ये झाला होता. २०१७ मध्ये मॅथी व्हॅनहूफ या संशोधकाने क्रॅक हल्ला दाखवला आणि जवळपास प्रत्येक वायफाय उपकरणाला पॅच घ्यावा लागला. पुरावा चुकला होता का? अजिबात नाही. हँडशेकमधून निघालेली की (एन्क्रिप्शनची किल्ली) गुप्त राहते एवढंच त्यात सिद्ध केलं होतं, आणि ती गुप्तच राहिली. तीच की पुन्हा बसवली तर नॉन्स (एका कीसोबत पुन्हा कधीच येऊ नये असा आकडा) शून्यापासून सुरू होतो आणि एन्क्रिप्शन फाटतं, हे चित्रात काढलेलंच नव्हतं. घराला सात कुलपं लावली, मागची भिंत नकाशातच नाही!

ओसीबी२ चं उदाहरण तर आणखी बोचरं. २००४ ची एन्क्रिप्शन पद्धत, सोबत सुरक्षेचा पुरावा, आयएसओ मानकात स्थान. २०१८ मध्ये दोन जपानी संशोधकांनी ती पार मोडून दाखवली, कारण पुराव्यातच चूक होती. चौदा वर्षं तो पुरावा लोक वाचत होते.

आणि तुमच्याच गोटातलं. मोनेरो ज्यावर आधारलंय त्या क्रिप्टोनोटच्या रिंग सिग्नेचरमध्ये प्रत्येक खर्चाबरोबर एक "की इमेज" सोडावी लागते. तीच इमेज दुसऱ्यांदा दिसली की दुबार खर्च पकडला जातो. कागदावर बिनतोड, कारण कागदावर ग्रुपचा (ज्या बिंदूंवर हे गणित चालतं त्या संचाचा) आकार मूळ संख्येचा धरलेला. प्रत्यक्षात वापरलेली वक्ररेषा एड२५५१९, तिला ८ चा कोफॅक्टर, म्हणजे पूर्ण ग्रुप मूळ आकाराच्या उपगटाच्या आठपट. इमेजमध्ये छोट्या उपगटातला एक बिंदू मिसळला की नवीच इमेज तयार होते आणि सही तरीही पास होते. एकच नाणं अनेकदा खर्च! मोनेरोने फेब्रुवारी २०१७ मध्ये गुपचूप पॅच केलं, मे महिन्यात जाहीर केलं. बाइटकॉइन या भावंड-नाण्यात तोवर कुणीतरी हात मारून गेलं होतं.

गणित बरोबर होतं, मांडणी वेगळीच. तुमचं मशीन इथे काय करणार होतं?

पाटीपेन्सिल

तर्कटी, तिन्ही उदाहरणं तुम्ही माझ्याच बाजूने दिलीत, आभारी आहे.

ओसीबी२ चा पुरावा माणसाने लिहिला, माणसांनी वाचला. मी मागतोय मशीनने तपासलेला. चुकीची पायरी चौदा वर्षं कुणाला दिसत नाही, हा कागदी पुराव्याचा दोष झाला. तो माझ्या खात्यावर का मांडताय?

की इमेजचं तर फारच बरं झालं. खऱ्या वक्ररेषेवर पुरावा लिहायला घेतला असता, तर "हा बिंदू मूळ आकाराच्या उपगटातला आहे" हे सिद्ध करा म्हणून मशीन अडलं असतं. मोनेरोने नेमकी तीच तपासणी नंतर घातली: इमेजला त्या उपगटाच्या आकाराने गुणा, शून्य आलं तरच पुढे. कागदावर "समजा ग्रुपचा आकार मूळ संख्या आहे" असं एका ओळीत म्हणून सुटता येतं. प्रत्यक्ष कोडला बांधलेल्या पुराव्यात ती पळवाट बंद असते.

क्रॅकबद्दल अर्धं मान्य. चित्र अपुरं होतं. पण पुढे काय झालं तेही सांगा ना. २०२० मध्ये डब्ल्यूपीए२ चं सविस्तर मॉडेल टॅमरिन या पुरावा-साधनात झालं, की पुन्हा बसवण्यासकट. चित्र सुधारता येतं. ऑडिटरच्या डोक्यात जे चित्र असतं ते मात्र कुणालाच दिसत नाही, मग सुधारणार काय?

आणि हे सगळं हवेतलं नाही. फायरफॉक्समध्ये २०१७ पासून औपचारिकरीत्या तपासलेला कर्व्ह२५५१९ चा (एन्क्रिप्शनच्या एका वक्ररेषेचा) कोड चालतोय, क्रोममध्येही तसला कोड आहे. ब्राउझरला परवडतं ते नाण्याला का नको?

खवचट खार

ब्राउझरमध्ये बग निघाला तर लोक दुसरा ब्राउझर घेतात. नाण्यात बग निघाला तर लोक ट्विटरवर भांडतात. परवडण्याचं गणित तिथेच सुटतं. चालू द्या, मी शेंड्यावर बसून बघतेय.

रात्रपाळी

मी काही वर्षं ऑडिटच्या बाजूला काम केलंय, आता सर्किटं लिहितो. दोघांच्याही मधे पडतो, कारण दोघंही एका गोष्टीवरून उडी मारून पुढे गेलात.

भोकं सापडतात कुठे, ते आधी बघा. प्रोटोकॉलच्या निबंधात फार कमी, तिथे हुशार लोकांची गर्दी असते. कोडमध्ये काही. सर्किटमध्ये ढीगभर. २०२४ च्या एका अभ्यासात स्नार्क (आटोपशीर झिरो-नॉलेज प्रूफ) सिस्टीममधल्या १४१ खऱ्या त्रुटी गोळा केल्या होत्या. सर्किटमधल्या त्रुटींत एकाच जातीचं राज्य होतं: अपुरे कन्स्ट्रेंट, म्हणजे अपुऱ्या अटी.

ज्यांनी सर्किट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सर्किटमध्ये दोन कामं शेजारीशेजारी चालतात. एक, उत्तर काढणं. दोन, ते उत्तर बरोबरच असलं पाहिजे अशी अट लिहिणं. पुरावा देणारा स्वतःच्या मशीनवर पहिलं काम करतो, तिथे तो काहीही करू शकतो. तपासणारा फक्त दुसरं बघतो. उत्तर काढलं पण अट लिहायची राहिली, तर प्रामाणिक माणसाचं सगळं सुरळीत चालतं, सगळ्या टेस्ट पास होतात, आणि लबाड माणसाला रान मोकळं.

टॉर्नेडो कॅशचं (पैशांचा माग पुसणारा सामाईक पूल) ऑक्टोबर २०१९ मधलं प्रकरण आठवा. सर्किटं लिहायची भाषा सर्कॉम. सर्कॉम भाषेत <== लिहिलं की किंमतही बसते आणि अटही लागते. नुसतं = लिहिलं तर फक्त किंमत बसते. त्यांनी घेतलेल्या लायब्ररीत एमआयएमसी हॅशच्या (माहितीवरून काढलेल्या ठशाच्या) आउटपुटला नुसतं = होतं. दोन चिन्हं कमी. झालं काय, तर हॅशचं उत्तर हॅशचंच असलं पाहिजे ही अटच गायब! हवं ते उत्तर भरा, मर्कल ट्रीचं (भरलेल्या रकमांच्या ठशांच्या झाडाचं) खोटं मूळ तयार करा, कधीही न भरलेले पैसे काढून घ्या. त्यांच्या टीमला हे कळलं, आणि दुसरं कुणी करायच्या आत त्यांनी स्वतःच्याच कॉन्ट्रॅक्टवर (ब्लॉकचेनवर चालणाऱ्या प्रोग्रामवर) हल्ला करून पैसे बाहेर काढले. चोर येण्याआधी मालकानेच घर फोडलं म्हणायचं.

आता ह्याला लीनमधला महाप्रबंध लागत नाही. "इनपुट ठरलं की आउटपुट एकच असू शकतं का" एवढा एकच प्रश्न सर्किटला विचारणारी साधनं आहेत, पायकस हे त्यातलं एक. बटण दाबा, ते अटींवरून दुसरं उत्तर शोधून बघतं. सापडलं तर समोर ठेवतं. मोठ्या सर्किटवर ते दमतं हे खरं, तुकडे पाडून द्यावं लागतं. पण त्या = ला त्याने पकडलं असतं.

माझ्या जुन्या नोकरीत (नाव घेत नाही) तीन आठवड्यांत चार हजार ओळींचं सर्किट दोघांनी वाचायचं असा करार असायचा. अठराव्या दिवशी डोळ्यांना <== आणि = सारखंच दिसायला लागतं हो. अहवालाच्या शेवटच्या पानावर "गंभीर त्रुटी आढळल्या नाहीत" हे वाक्य मी स्वतः टाइप केलंय, आणि ते टाइप करताना मला काय वाटत होतं ते मलाच ठाऊक. ते काम यंत्राचं आहे, माणसाला त्यात राबवू नका.

तेव्हा तर्कटी, पुरावा निरुपयोगी म्हणू नका. आणि पाटीपेन्सिल, "तिन्हींचा, ओळ न ओळ" म्हणू नका. जिथे आग लागते तिथे पाणी मारा.

सावली

सगळे नाणी मोजताय. धाग्याच्या शीर्षकातही खोटी नाणीच. "प्रायव्हसी" हा शब्द कुणी उच्चारणार आहे की नाही?

लोक ही नाणी वापरतात ती लपण्यासाठी. आणि तिथे पुराव्यांचा इतिहास फारसा गौरवशाली नाही. झीकॅशच्या मुळाशी असलेल्या २०१४ च्या झिरोकॅश निबंधात व्याख्या अगदी चोख आहे: हल्लेखोराला दोन वह्या द्या, कुठली कुठली ते त्याला ओळखता येता कामा नये. व्याख्येप्रमाणे पुरावाही आहे. मग २०१८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी प्रत्यक्ष वही घेऊन साध्या ठोकताळ्यांनी झाकलेल्या व्यवहारांचा अनामिक गट ६९ टक्क्यांनी लहान करून दाखवला. क्रिप्टोग्राफीला हातही लावला नाही. मायनर आणि संस्थापक ठरावीक रकमा ठरावीक पद्धतीने आत टाकत आणि बाहेर काढत होते, बस. झिरो-नॉलेज प्रूफ शाबूत, लपणारा उघडा.

मोनेरोच्या सुरुवातीच्या वर्षांतही तेच. डिकॉय (खऱ्या नाण्याभोवती लावलेली फसवी नाणी) लावलेल्या इनपुटांपैकी सुमारे ६२ टक्के नुसत्या वजाबाकीने सुटत होती, कारण अनेकांनी डिकॉय लावलेच नव्हते आणि त्यांची खर्च झालेली नाणी इतरांच्या गटात मेलेल्या सोंगट्यांसारखी पडून होती. रिंग सिग्नेचरचा पुरावा म्हणतो, गटातलं कोण ते कळणार नाही. गटात जिवंत माणूस एकच असेल तर काय, याबद्दल तो काही म्हणत नाही.

मिंबलविंबल या व्यवहार झाकायच्या पद्धतीचं बघा. २०१९ मध्ये युरोक्रिप्ट परिषदेला त्याच्या सुरक्षेचा रीतसर पुरावा आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एकाने आठवड्याला ६० डॉलरचं क्लाउड भाडं भरून त्यावर चालणाऱ्या ग्रिन नाण्याचे ९६ टक्के व्यवहार कुठून कुठे जातात ते जोडून दाखवलं. व्यवहार एकत्र मिसळण्याआधीच ते नेटवर्कवर पकडायचे, एवढीच युक्ती. ग्रिनवाले म्हणाले, ही मर्यादा आम्हाला आधीच माहीत होती. बरोबर आहे त्यांचं. वापरणाऱ्याला माहीत होती का?

आणि माझं सगळ्यात लाडकं उदाहरण. २०२० च्या एका निबंधात स्टॅनफर्डच्या गटाने झीकॅशच्या नोडला (नेटवर्कमधल्या संगणकाला) व्यवहार पाठवला आणि पाठोपाठ पिंग केलं, म्हणजे "आहेस का" असा निरोप धाडला. व्यवहार त्या नोडच्या मालकासाठी असेल तर वॉलेट तो उघडून पुढची तपासणी करत बसायचं, आणि पिंगचं उत्तर किंचित उशिरा यायचं. झालं, पैसे कुणाला मिळाले ते कळलं. त्या मिलिसेकंदाचा पुरावा कुठल्या मॉडेलमध्ये असतो?

पाटीपेन्सिल, तुमच्या मशीनने तपासलेल्या पुराव्याचा हिरवा टिळा लावून उद्या एखादं नाणं बाजारात येईल. लोक त्याचा अर्थ "इथे मी सुरक्षित आहे" असा घेतील. ज्यांचा जीव त्या लपण्यावर अवलंबून आहे असे लोकही घेतील. मला त्या टिळ्याची भीती वाटते.

अर्धवटराव

सावली यांना +१. पण वेळेवरून गुपित फुटणं हेही तपासता येतं हो, कोडची धाव गुप्त माहितीवर अवलंबून नाही असं सिद्ध करतात. पाटीपेन्सिलनी सांगितलेल्या फायरफॉक्सच्या कोडमध्ये ती शिस्त आहे.

सावली

एका गुणाकाराच्या फंक्शनसाठी आहे, अर्धवटराव. वॉलेट, नोड, नेटवर्क, डेटाबेस या सगळ्या लटांबराची धाव कुणी तपासली असेल तर दाखवा, मी जाहीर माफी मागते.

पाटीपेन्सिल

सावली यांचा मुद्दा लागला. मी खरंच "नाणी वाढू नयेत" या एका वचनाबद्दल बोलत होतो, आणि ते दुसऱ्यापेक्षा सोपं आहे. नाणी वाढू नयेत हे वहीबद्दलचं विधान आहे, सगळं वहीतच घडतं. ओळख फुटू नये यात आख्खं जग येतं: वेळ, नेटवर्क, माणसांच्या सवयी. तिथे पुराव्याचा टिळा लावू नये, मान्य.

पण पहिल्या वचनावर मी ठाम आहे.

तर्कटी

चला, निम्मा किल्ला पडला. उरलेल्या निम्म्याकडे वळू.

पहिलं, खर्च. एसईएल४ या कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा) पुरावा २००९ मध्ये झाला. सी भाषेच्या साधारण ८,७०० ओळी, त्यांच्यासाठी पुराव्याच्या २ लाखांच्या आसपास. आणि कर्नल एका जागी बसून राहतो तरी. झीकॅशने २०१६ मध्ये स्प्राउट आणलं, २०१८ मध्ये सॅपलिंग, २०२२ मध्ये ऑर्चर्ड. दर वेळी प्रूफ पद्धत वेगळी, सर्किट नवं. तुमचा पुरावा वाळेपर्यंत भिंत पाडलेली असते.

दुसरं, झाकलेल्या वहीतही हिशेब ठेवता येतो, पुराव्याशिवाय. झीकॅशमध्ये प्रत्येक झाकलेल्या कप्प्यात किती नाणी गेली आणि किती बाहेर आली ते उघड असतं. कप्प्याची शिल्लक शून्याच्या खाली नेणारा ब्लॉक नोड स्वीकारतच नाहीत. कुणी आत कितीही खोटी नाणी छापू दे, दारातून बाहेर नेताना मोजणी होणार. हे वीस ओळींचं काम आहे, आणि यात कुठल्याही गणितावर विश्वास ठेवावा लागत नाही. २०१८ मध्ये खरा आधार कशाचा होता? या मोजणीचाच; ब्लॉक नाकारायचा नियम नंतर आला. मी नाणं चालवत असतो तर पहिला पैसा यावर लावला असता.

(दार चोराला थांबवत नाही, नुकसानीला फक्त मर्यादा घालतं. खोटी नाणी आधी बाहेर पडली तर शेवटी राहिलेल्या खऱ्या मालकाच्या हातात धुपाटणं. आणि मोनेरोत असे कप्पेच नाहीत. हे मीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी सापडल्याच्या आनंदात उडी मारायला नको.)

तिसरं आणि खरं. सिद्ध काय करायचं ते लिहिणार कोण? "नाणी वाढू नयेत" हे मराठीत तीन शब्द आहेत. मशीनला द्यायच्या भाषेत लिहून दाखवा. सगळं नको, टॉर्नेडोसारखा ठरावीक रकमेचा पूल घ्या. आत एक नोट, बाहेर एक नोट. तीन-चार ओळींत सांगा, काय सिद्ध केलं की तुमचं समाधान होईल.

पाटीपेन्सिल

आव्हान स्वीकारलं. नोट म्हणजे पूलमध्ये भरलेली ठरावीक रक्कम. नलिफायर म्हणजे ती नोट वटल्याची खूण, त्यावरून कुठली नोट ते कळत नाही.

१. सर्किटने पास केलेल्या प्रत्येक खर्चामागे पूर्वी पूलमध्ये भरलेली एक नोट असते.
२. एका नोटेतून एकच नलिफायर निघू शकतो.
३. वापरलेल्या नलिफायरांच्या यादीत असलेला नलिफायर पुन्हा आला तर कॉन्ट्रॅक्ट व्यवहार नाकारतं.

यावरून: काढलेल्या नोटा कधीही भरलेल्या नोटांपेक्षा जास्त होत नाहीत. पुरावा शाळकरी आहे. रात्रपाळींनी सांगितलेला = चा घोळ पहिल्या ओळीतच अडकतो. गेल्या दोन दिवसांत लीनमध्ये लिहूनही पाहिला.

रात्रपाळी

पाटीपेन्सिल, वाईट वाटून घेऊ नका, पण या तिन्ही ओळी खऱ्या असूनही तुमच्या पूलमधून एकच नोट पाच वेळा वटवता येते.

सर्किट घड्याळाच्या आकड्यांत गणित करतं. घड्याळात १३ आणि १ एकच. तसं इथे एक मोठी मूळ संख्या असते, तिला प म्हणू, साधारण २५४ बिटांची. सर्किटच्या लेखी न आणि न + प एकच. कॉन्ट्रॅक्ट मात्र २५६ बिटांचा साधा आकडा साठवतं. त्याच्या लेखी न वेगळा, न + प वेगळा, न + २प आणखी वेगळा. २५६ बिटांत असे किमान पाच आकडे बसतात, नशीब चांगलं असेल तर सहा. आधी न पाठवा, पैसे घ्या. मग तोच पुरावा, नलिफायर न + प. सर्किट म्हणतं, ठीक आहे. कॉन्ट्रॅक्ट यादी बघतं, हा आकडा नवा आहे, ठीक आहे. पैसे घ्या.

तुमची दुसरी ओळ सर्किटमध्ये खरी. तिसरी ओळ कॉन्ट्रॅक्टमध्ये खरी. फक्त दोन्ही ओळींतला "नलिफायर" हा शब्द एकाच वस्तूचं नाव नाही. कल्पनेतलं नाही हे, २०१९ मध्ये सेमाफोर प्रकल्पात सापडलेलं आहे. उपाय एका ओळीचा: आकडा प पेक्षा लहान नसेल तर परत पाठवा.

तर्कटी

मी काही बोलत नाही. नुसता हसतोय.

पाटीपेन्सिल

हसा. पण पूर्ण ऐकून हसा.

रात्रपाळींचा प्रतिसाद वाचून लीनची फाइल पुन्हा उघडली. कॉन्ट्रॅक्टच्या यादीतला नलिफायर २५६ बिटांचा आकडा असं बदललं. पुरावा लगेच तुटला. दुसऱ्या ओळीवरून तिसरीकडे जाताना अडला आणि बरोबर तेच मागायला लागला: आकडा प पेक्षा लहान आहे हे दाखवा. म्हणजे यंत्राला भोक दिसतं. शब्दशः त्या भोकावरच बोट ठेवतं.

आता दुसरी बाजू, जी मी लपवू शकलो असतो. माझ्या पहिल्या फाइलमध्ये मी सर्किट आणि कॉन्ट्रॅक्ट दोन्हीकडे नलिफायर घड्याळी आकडाच धरला होता. मुद्दाम नाही. एकदा प्रकार लिहिला, तोच खाली वापरत गेलो, टायपिंग वाचलं. आणि पुरावा पास झाला होता. एकही इशारा नाही. मी इथे "पुरावा शाळकरी आहे" असं लिहिलं तेव्हा ती फाइल माझ्यासमोर उघडी होती.

तर्कटी, तुमचा "चित्र" हा मुद्दा मला आज नीट कळला. तरीही मी पुराव्याची मागणी सोडत नाही. रात्रपाळींना ते भोक माझ्या तीन ओळी वाचून चार मिनिटांत दिसलं, कारण तीन ओळी होत्या. चार हजार असत्या तर?

सावली

निदान कबूल तरी केलंत. हिरवा टिळा लावून आलेली किती नाणी करतील?

रात्रपाळी

चार मिनिटं नाही, मी हे भोक आधी पाहिलेलं आहे म्हणून दिसलं. न पाहिलेलं दिसलं असतं का, माहीत नाही.

पाटीपेन्सिल, फाइल पाठवा. पुरावा नको, तो मशीनने बघितलाय. वरच्या व्याख्या तेवढ्या पाठवा, जिथे कुठला आकडा कुठल्या जातीचा ते लिहिलंय. तर्कटी, तुम्हीही बघा. तुमच्यासारखा खोडसाळ वाचक मला ऑडिटच्या दिवसांत कधी मिळाला नाही.

तर्कटी

पाठवा. पण फीचं काय धरलंय ते आधी सांगा. नोट वटवून देणाऱ्या रिलेयरची फी रकमेतून वजा होते ना? फी रकमेपेक्षा मोठी आली तर वजाबाकी कुठल्या घड्याळात करताय?